पेंढा नव्हे

श्रीरामपूर
२ नोव्हेंबर

चि. मृण्मयी,


ताईचा रात्री फोन आला. एवढी प्राणिशास्त्रात पीएच.डी. केली आणि पोरगी आता मुंबईच्या म्युझियममध्ये पेंढा भरायला चालली, असं दाजी म्हणाले म्हणे. दाजींना उलट बोलायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून तुलाच लिहितो.

पेंढ्याचं आधी सांगतो. पूर्वी खरंच कातड्यात पेंढा कोंबायचे, आणि मग वाघ लोडासारखा दिसायचा. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये कार्ल एकली नावाच्या माणसानं ही पद्धत मोडीत काढली. जनावराची मापं घ्यायची, चिकणमातीत त्याचं अंग स्नायूंसकट घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून हलकं पोकळ शरीर करायचं आणि मग त्यावर कातडी चढवायची. म्हणजे आपल्या गणपतीच्या कारखान्यातलं निम्मं काम आलं की नाही यात? ज्याला जनावर कसं चालतं, दचकल्यावर मान कुठे वळवतं हे माहीत नाही, त्याला हे जमायचं नाही.

हे तंत्र आपल्याकडे आणणाऱ्यांत होते स्टॅनली हेन्री प्रेटर. जन्म १८९०चा. १९०७ साली, म्हणजे आपल्याकडे पोरं बारावीला असतात त्या वयात, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत लागले. ही सोसायटी १८८३ सालची. स्थापना करणाऱ्या आठ जणांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन आपले डॉक्टर होते, हे दाजींना आवर्जून सांग. प्रेटर आले तेव्हा ऑफिसात विल्यम नावाचा एक धनेश पक्षी पिंजऱ्यात होता. सव्वीस वर्षं राहिला तो तिथे. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर जो पक्षी दिसतो, तो हाच.

१९११ पासून सोसायटीनं देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तीत प्रेटर होते. उंदीर, वटवाघळं, खारी धरायच्या, मोजायच्या, कातडी सोलून सोमल लावायचा, चिठ्ठी बांधायची. तू रानात जे करतेस तेच, फक्त सोमलाचं विष वाढीव. पुढे १९२३ साली ते सोसायटीचे आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या प्राणी विभागाचे क्युरेटर झाले. विभागाची सगळी सूत्रं त्यांच्याच हाती. म्युझियमची इमारत नुकतीच, १९२२ साली, लोकांना खुली झाली होती. प्रेटर इंग्लंड-अमेरिकेतली म्युझियमं बघून आले आणि इथे त्यांनी काचेआड रानं उभी केली. गवा, वाघ, धनेश, आणि रोहित. जायकवाडीच्या पाण्यावर तू लहानपणी रोहित पाहिले होतेस, तेच. मागे रंगवलेलं आभाळ, पुढे खरी वाटावी अशी माती.

तुझी भीती वेगळी आहे, ते मला कळतं. संशोधन सुटेल. खोटं कशाला सांगू, थोडं सुटेलच. कसर, बुरशी, मुंबईची दमट हवा, बजेट, शाळांच्या सहली, यातच दिवस जाईल. माझ्या पहिल्या नोकरीच्या कॉलेजात बरण्यांतलं फॉर्मेलिन उडून गेलं होतं आणि दोन वर्षं कोणी झाकण उघडून बघितलं नव्हतं. सापांची नुसती सुतळी झाली होती. तेव्हापासून 'राखण' हा शब्द मी हलका मानत नाही.

शिवाय पैशाचा भरवसा नाही. १९२६ साली याच प्राणी विभागात सलीम अली गाइड-लेक्चरर म्हणून लागले. लोकांना काचेपुढे उभं करून समजावून सांगायचं, पगार साडेतीनशे. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! मग किहीमला जाऊन सुगरणीची घरटी बघत बसले. त्यातून काय निघालं ते तुला मी सांगायला नको, पण त्या महिन्याचं वाणसामान कसं आलं असेल, याचाही विचार माझ्या मनात येतो.

प्रेटरांना मात्र काचेपुढच्या माणसाशी बोलण्यातून भाषा सापडली, असं मला वाटतं. 'द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स' १९४८ साली आलं. माझी प्रत खिळखिळी झालीय, तरी हातात घेतली की ठेववत नाही. जनावर काय खातं, कुठे निजतं, पिल्लांशी कसं वागतं, हे त्यात असं येतं की वाचणाऱ्याला आपण अडाणी वाटत नाही. मधल्या काळात अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून ते मुंबईच्या विधानसभेत होते, घटना समितीतही होते. लोकांपुढे उभं राहायची सवय तिथूनही आली असेल.

चौऱ्याण्णव साली आठवीची पोरं घेऊन मी मुंबईला हेच म्युझियम दाखवायला गेलो होतो. एसटीनं, रात्रभर. उसाच्या पट्ट्यातला एक मुलगा वाघाच्या काचेपुढून हलेना. बाकीचे बाहेर उसाचा रस शोधत होते (घरचा ऊस कमी पडला जणू!) आणि हा तिथेच. शेवटी मला म्हणाला, "सर, आमच्या फडात वाघ निघाला होता, पण त्याला ठिपके होते. मग तो कोण?" आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी त्याला पुढच्या कपाटाकडे नेलं.

इथे गळीत सुरू झालंय. परवा तोडणीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. कुणी हात लावला नाही. रात्री आई येऊन घेऊन गेली.

मोसंबीची पेटी एसटीनं पाठवतोय, स्टँडवर चौकशी कर. दाजींना, ताईला नमस्कार.

तुझा,
मामा