दादाची गाडी

गेल्या सुट्टीत इंग्लंडला दादाकडे गेलो होतो. दारात त्याची १९७३ सालची फोक्सवॅगन कँपर. वहिनी गेल्यापासून उभीच. चालू केली, की जागच्या जागी हिवताप भरल्यागत थरथरे, मिसिंग मारी. ॲक्सिलरेटर दाबावा, तर आधी अडखळे. प्लग, पॉइंट, दोन्ही कार्ब्युरेटर तपासून दादा थकला होता. म्हणाला, "विकतो आता." मी व्याकरणाचा मास्तर, मला त्यातले काय कळणार! वहिनीची कुंड्यांवर पाणी फवारायची बाटली तेवढी धरली. एकेका सांध्यावर पाणी उडवता उडवता मॅनिफोल्डच्या रबराशी इंजिनाचा सूर पालटला. भेगेतून जास्तीची हवा शिरत होती. पेट्रोल कमी पडत होते. नवे रबर बसवले. दादा शेजारच्या सीटवरची धूळ पुसत म्हणाला, "बस इथं."