नाशिकचा बेत



कापूस विकून झाला का फेब्रुवारीत आम्ही चौघं जण तीन दिवस नाशिकले चाललो, वाईनची द्राक्षं पाहाले. घरी सांगितलं तं बायको म्हणे, "दारूसाठी एवढ्या दूर कायले जाता?" तिचं चुकलं नाही. माझा लहान भाऊ दारूनंच गेला. बाकीचे चव घेतील, मी थेंब घेणार नाही. मी वही घेऊन चाललो.

बेत असा. नेरहून बडनेरा, तिथून रात्रीची गाडी, सकाळी नाशिकरोड. पहिला दिवस गंगापूर धरणाकडचे मळे, दुसरा दिंडोरी, तिसरा विंचूरचं वाईन पार्क. लासलगावचा कांदा बाजार जवळच, तोही पाहू.

फेब्रुवारीच कायले? वाईनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. तेव्हा गेलं तं झाडावर माल दिसत नाही.

हे द्राक्ष खायच्या द्राक्षावाणी नसते. मणी लहान, साल जाड, आत बी. गोडी मोजूनच तोडतात. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. त्यांचं फळ शिवारातच बाटलीत जाते, आपला कापूस कच्चाच गाडीत भरला जाते. हे मनात सलते.

वहीत तीन प्रश्न लिहिले आहेत. करार किती वर्षांचा? भाव वजनावर का गोडीवर? आन कारखान्यानं माल नाही उचलला तं शेतकऱ्यानं काय करावं?

तुमचाही प्रश्न असल तं खाली लिहा. विचारून येतो.