चिठ्ठीत काय लिहायचं

हिमालयात वनस्पती गोळा करायला गेलेल्या माणसाच्या नमुने दाबायच्या प्रेसमध्ये आधी शिरतात निळ्या जेन्शियाना आणि प्रिम्युला. रूमेक्स नेपालेन्सिसची पाळी शेवटी, तीही कागद उरले तर. आपल्या आंबट चुक्याचा हा डोंगरी भाऊबंद. कमरेएवढा वाढतो, फुलं हिरवट, कुणी मान वळवून बघू नये अशी. मला त्याचेच नमुने चाळायला आवडतात.

हाताळायला तो त्रासदायक. खोड जाड आणि रसाळ, त्यामुळे पावसाळ्यात टीपकागद वेळेवर बदलले नाहीत की पानं काळी पडतात. तळाचं मोठं पान ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर मावत नाही. ते असं दुमडायचं की मागची बाजूही दिसली पाहिजे. मूळ जाडजूड, ते उभं चिरून घ्यायचं. एवढं करूनही फळं नसतील तर ओळख डळमळीतच राहते. फळाला कवटाळणाऱ्या तीन आतल्या परिदलांच्या कडांना दात असतात आणि दातांची टोकं गळासारखी वळलेली. भिंगाखाली ते आकडे दिसले की प्रश्न मिटला. खालच्या कोरड्या उतारांवर, दगडी बांधांवर रूमेक्स हास्टाटस भेटतो, कुमाऊंतला भिलमोडा. त्याची परिदलं गोल, लालसर, कडेला एकही दात नाही.

नेपालेन्सिसचे हेच आकडे मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात आणि बी कळपाबरोबर डोंगर चढतं. कळप रात्री बसतो तिथली जमीन शेणामुतानं माजते, आणि तिथे हा दाटीनं उगवतो. शेजारी बिच्छू घास बहुधा असतेच. ती डसली की पहाडी माणसं याचंच पान चुरगळून चोळतात. आल्प्समधला रूमेक्स अल्पायनस तर गुरं यायची थांबल्यावरही कित्येक दशकं गोठ्याची जागा सोडत नाही. म्हणजे हा नमुना वनस्पतीइतकीच माणसाच्या मुक्कामाची नोंद आहे. निदान असायला हवी.

नसते, कारण नमुन्यावर डकवलेली चिठ्ठी. वनस्पतिशास्त्रज्ञ श्प्रेंगेलनं १८२५ मध्ये या जातीला नाव दिलं. पुढे सहारनपूरच्या बागेचे अधीक्षक जे. एफ. डथी यांच्यासारख्यांनी हिमालयातून भरपूर संग्रह केला. सहारनपूरचा तो ठेवा आज देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आहे. त्या पिढीनं पायी चालून जे जमवलं त्याला तोड नाही. पण जुन्या चिठ्ठ्यांवर अनेकदा जागेचं नाव, फुटांतली उंची, महिना आणि ‘कॉमन’ एवढंच असतं. दख्खनच्या पठारावर नकाशातला ठिपका दोन किलोमीटर सरकला तर फार बिघडत नाही. हिमालयात तेवढ्यात चीड पाइन संपून बांज ओक सुरू होतो. वनस्पती वर सरकताहेत का, असं आज सगळे विचारतात. गावावरून अंदाजानं लिहिलेली उंची त्याला काय उत्तर देणार?

शिवाय नमुने दाट सापडतात ते यात्रेच्या वाटांवर आणि थंड हवेच्या ठिकाणांभोवती. तो नकाशा बराचसा गोळा करणाऱ्यांच्या पायांचा. आणि ‘कॉमन’ म्हटलं की पुढचा माणूस तोडतच नाही. कपाटात नमुना नाही म्हणून डोंगरावर झाड नव्हतं, असा निष्कर्ष काढणारे शोधनिबंध मला म्हणूनच खटकतात.

मी चिठ्ठीवर लिहितो: मेंढवाडा किती पावलांवर, जमीन तुडवलेली की मोकळी, शेजारी काय उगवलंय, यंदा कळप आला होता का. शेवटचा प्रश्न मेंढपाळाला विचारावा लागतो, आणि त्याच्या चुलीपाशी चहा घेतल्याशिवाय तो विचारता येत नाही. विद्यार्थी चुळबुळतात, जीपीएसचे आकडे मिळाले, आता कशाला थांबायचं? पण कुरण कधी ओस पडलं हे जीपीएस सांगत नाही. छापील चिठ्ठीत अधिवासाला एकच ओळ असते, म्हणून मी खाली दुसरी चिठ्ठी डकवतो. कागद गचाळ दिसतो अशी संग्रहालयात कुरकुर होते. होऊ दे.