तळव्यांची साक्ष

पावसाळ्यात आमच्या गावातल्या एका सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर गोणपाट अंथरलेले असते. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवरून माणसे घसरतात, म्हणून शिपायाने केलेली ही सोय.

ते पाहिले की मला केनेथ फ्रॅम्प्टन आठवतात. १९३० साली इंग्लंडमध्ये जन्मलेले फ्रॅम्प्टन आधी आर्किटेक्ट होते. पुढे ते अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवता शिकवता वास्तुकलेचे इतिहासकार झाले. इमारत नुसती डोळ्यांनी जोखायची नसते, हा त्यांचा आग्रह. १९८३च्या एका निबंधात त्यांनी आर्किटेक्ट आल्वार आल्टोच्या फिनलंडमधल्या सायनात्सालो नगरभवनाचा दाखला दिला आहे. तिथे विटांच्या जिन्यावर पावलाला पकड मिळते; सभागृहात शिरले की पायाखाली गुळगुळीत लाकूड येते. मानाची जागा आली, हे तळव्यांना कळते. वाचताना आजोळ आठवले. चिऱ्यांच्या खरबरीत पायऱ्या चढून ओसरीवर पाय टेकला की सारवणाचा गारवा लागायचा. त्याला वास्तुकला म्हणतात, हे कुठे ठाऊक होते!

आपले म्हणणे बांधून पाहायची संधी इतिहासकाराला क्वचितच मिळते. फ्रॅम्प्टनना ती ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत मिळाली. गरिबांना उंच मनोऱ्यांत कोंबण्याऐवजी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथे बुटक्या, दाट घरांच्या रांगा आखल्या. दारे रस्त्याकडे, दारापुढे ओट्यासारख्या पायऱ्या. मार्कस गार्वी व्हिलेज नावाची ही वसाहत १९७६ साली पुरी झाली. पण पुढे आतल्या, नजरेआडच्या अंगणांत गुन्हेगारी शिरली. ओटा बांधता येतो. त्यावर निर्धास्त बसता येण्यासाठी लागणारा रोजगार, डागडुजी आणि राखण नकाशात काढता येत नाही.

आपल्याकडचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्या कामावरही फ्रॅम्प्टननी लिहिले आहे. कोरियांचे बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज याच बुटक्या, दाट घरांच्या जातकुळीचे: सुमारे आठ मीटरच्या चौकाभोवती सात घरे. आज तिथे मूळ घर शोधावे लागते. लोकांनी मजले चढवले, टाइल्स लावल्या. घर वाढणार हे कोरियांनी धरलेच होते. चौक मात्र अजून पायांना सापडतो.

परवा कचेरीतल्या शिपायाला विचारले, "हे गोणपाट कायमचंच का नाही बसवून टाकत?"

"बसवलं असतं हो," तो म्हणाला, "पण मोठे साहेब यायचे असले की उचलायला लागतं. फोटोत बरं दिसत नाही."