बिरसीचे आकाश आणि उडू पाहणारी मुले

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा ही स्टेशने मागे पडतात आणि गोंदिया येते. रुळांच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधे मधे बोड्या आणि मोठे मालगुजारी तलाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राईस मिलसाठी, बिडीसाठी आणि सारस पक्ष्यासाठी ओळखला जातो. पण इथल्या पोरांना आणखी एका गोष्टीची सवय झाली आहे. सकाळी शाळेच्या वाटेवर असताना डोक्यावरून लहानशी पांढरी विमाने घिरट्या घालत जातात.

ही विमाने बिरसीची. गोंदिया शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर, कामठा परिसरात हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून इथे वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये बिरसीहून पहिली नियमित प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली इथे उडायला शिकण्यासाठी येतात. कुंपणाबाहेर मात्र त्याच वयाची मुले रोवणीच्या चिखलात उभी असतात, नाहीतर सायकल टेकवून वर बघत असतात.

माझा एक भाचा याच भागात राहतो. यंदा दहावीत आहे. त्याने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. पाठीवर इंजिन बांधलेला एक मुलगा मैदानावर दहा पावले धावतो आणि कापडी पंखाला लोंबकळत आकाशात चढतो. "मामा, याला ना विमान लागते, ना विमानतळ. मला हे शिकता येईल का?" त्याची आई चुलीपुढून म्हणाली, "आधी दहावी पास हो, मग उड." दोघांचेही बरोबर होते. पण मुलाच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे. नाहीतर तो ते उत्तर मोबाईलमध्येच शोधेल.

त्या यंत्राला पॅरामोटर म्हणतात. वर नायलॉनचा रुंद कापडी पंख, त्यातून उतरलेल्या बारीक पण बळकट दोऱ्या, बसायला पट्ट्यांचे आसन आणि पाठीवर पात्याचे इंजिन. बहुतेक इंजिने जुन्या लुनासारखी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. सगळे ओझे वीस ते पस्तीस किलोपर्यंत भरते. वेग साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारसायकलीएवढाच. दिसायला सोपे, म्हणूनच फसवे.

यात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. हवेत इंजिन बंद पडले तर माणूस दगडासारखा खाली येत नाही. डोक्यावरचा पंख उघडाच असतो. तो माणसाला हळूहळू तरंगत खाली आणतो आणि शंभर मीटर उंचीवरून काही शे मीटर पुढे नेतो. म्हणून जाणता उडणारा सतत एकच विचार करतो: इंजिन आत्ता थांबले तर मी कुठे उतरणार? ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, तो चुकीच्या जागी उडतो आहे.

हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात विचारून पाहा. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरलेल्या. पाठीवर इंजिन आणि अंगाला पट्टे बांधलेला माणूस तलावात पडला तर पोहता येत असूनही बुडू शकतो. कापणीनंतर जमीन कोरडी होते, पण उंच धुरे पायात येतात आणि शेताशेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसले तर दिसले. मार्च ते मे महिन्यांत दुपारी जमीन तापते आणि गरम हवेचे लोट वर उठतात. घारी त्यांवरच पंख न हलवता चढतात. मुरलेल्या माणसाला तो लोट उपयोगी पडतो, नवशिक्याचा कापडी पंख मात्र तोच लोट एका बाजूने दुमडून टाकतो. थंडीतली सकाळ शांत असते, पण धुके असेल तर थांबावे लागते. म्हणजे या मुलखात नवशिक्याला उडण्याजोगा वेळ वर्षातून थोडाच, तोही सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा.

बिरसीच्या आसपास तर विमानांचा रस्ता आहे. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने येणारे विमान एका मिनिटात तीन किलोमीटरहून जास्त अंतर कापते. कापडी पंखाला तेवढ्यात बाजूला होणे जमत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही पॅरामोटर हे विमानच आहे. विमानतळाच्या परिसरात ते परवानगीशिवाय उडवणे गुन्हा ठरतो. नवेगाव आणि नागझिऱ्याचे जंगल २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथेही हा खेळ चालत नाही. आणि धानाच्या शेतात उतरणाऱ्या सारसाच्या जोडीवर इंजिनाचा आवाज घेऊन जाणे कोणत्याही अर्थाने शहाणपणाचे नाही.

शिकलेल्यांनाही आकाश माफ करत नाही, हे या जिल्ह्याने दोनदा पाहिले आहे. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशच्या सीमेवर नदीवर ताणलेल्या तारेला लागून पडले. मार्च २०२३ मध्ये बिरसीहूनच उडालेले दुसरे विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात कोसळले. दोन्ही वेळी प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी, दोघांचाही जीव गेला. मोठी संस्था, तपासलेले यंत्र, शेजारी शिक्षक, तरीही हे घडले. मग ओळखीच्या कुणाचे तरी जुने यंत्र घेऊन रिकाम्या शेतात एकट्याने प्रयोग करणाऱ्या मुलाचे काय होईल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मग नीट शिकणे म्हणजे काय? पहिले कित्येक दिवस पाय जमिनीवरच असतात. पाठीवर इंजिन नाही. वाऱ्याकडे तोंड करून कापडी पंख डोक्यावर उभा करायचा, तोलून धरायचा आणि खाली आणायचा. तो डावीकडे झुकला तर आपण डावीकडे सरकायचे. पतंग उडवणाऱ्या मुलाला यातले मर्म लवकर कळते. ते जमले की इंजिनाशिवाय लहानशा उतारावरून पावले उचलून बघायची. त्यानंतर इंजिनाची ओळख: ते सुरू करताना पात्याच्या रेषेत कुणी उभे राहू नये, हात पात्यापासून दूर असावेत, बंद करायची कळ न बघता सापडावी. फिरत्या पात्याने बोटे गमावलेली माणसे या खेळात आहेत. हे सगळे हातात बसल्यावरच पहिले उड्डाण, तेही मोकळ्या मैदानावर, मंद वाऱ्यात, डोक्यावर हेल्मेट, आसनाला जादा छत्री आणि कानात वायरलेसवरून शिक्षकाचा आवाज असताना.

सारस पक्षी उडताना पाहिला आहे का? माणसाएवढा उंच पक्षी. तो वाऱ्याकडे तोंड करतो, काही पावले धावतो, मग पंखांवर भार टाकतो. शिकणाऱ्याचा क्रमही हाच आहे आणि त्यातले पाऊल गाळता येत नाही.

महाराष्ट्रात अशा शिक्षणाची जुनी जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातले कामशेत. तिथल्या टेकड्यांवर गेली अनेक वर्षे इंजिनाशिवाय कापडी पंखाने उडायला शिकवतात, आणि पॅरामोटरचा पाया तोच आहे. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जायचे, रात्र गाडीत काढायची, मग लोणावळा लोकलने कामशेत गाठायचे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. मुलाला पाठवण्याआधी ती नोंदणी बघायला मागावी. शिक्षकाचे प्रमाणपत्र, विमा आणि जवळचा दवाखाना यांची चौकशी करावी. शिक्षकाबरोबर दहा मिनिटांची फेरी मारणे म्हणजे शिकणे नव्हे, हेही मुलाला सांगावे. शिकण्याआधी यंत्र तर मुळीच घेऊ नये. नव्या संचाला काही लाख रुपये पडतात. जुन्याचे कापड उन्हाने कुजलेले असू शकते. शिवाय मोठ्या माणसाच्या वजनाचा पंख हलक्या पोराला वाऱ्याबरोबर फरफटत नेतो.

कष्टकरी घराला हा खर्च झेपत नसेल तर दुसरी वाट आहे. राष्ट्रीय छात्र सेनेचा हवाई विभाग मुला-मुलींना विमानविद्येची ओळख करून देतो. त्याचे पथक नागपुरात आहे आणि त्यातल्या छात्रांना लहान विमानात उडण्याची संधीही मिळते. पुढे वैमानिकच व्हायचे असेल तर वयाच्या सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी अठरा वर्षे पूर्ण आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिकाचा अभ्यासक्रम आहे. १९९० च्या कायदा दुरुस्तीपासून बौद्ध विद्यार्थीही या सवलतीत येतात. उत्पन्नाची अट आणि रकमेची मर्यादा समाजकल्याण कार्यालयात जाऊन समजून घ्यावी. तोवर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये.

भाच्याला मी एवढेच सांगितले की उडण्याच्या विद्येत सगळ्यांत अवघड धडा परत फिरण्याचा असतो. दोनशे किलोमीटर प्रवास करून मैदानावर आलो, मित्र बघत आहेत, मोबाईल रोखलेले आहेत आणि वारा मात्र बरा नाही. अशा वेळी पंखाची घडी घालून "आज नको" म्हणणारा पोरगाच पुढे वर्षानुवर्षे उडतो. पंधरा-सोळाव्या वर्षी हे दोन शब्द उच्चारणे जड जाते. ते घरातच शिकवावे लागतात.

आई-वडिलांनी मुलांच्या या ओढीची थट्टा करू नये आणि "पड आणि मर" असेही म्हणू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी बिरसीचे आकाश फक्त पावसासाठी पाहिले. आता त्याच आकाशाकडे मुले-मुली वेगळ्या नजरेने पाहत आहेत. त्यांना कुठे, कुणाकडून आणि कोणत्या क्रमाने शिकायचे ते दाखवून द्या. पहिले सहा महिने त्यांचे पाय जमिनीवर राहतील, तर राहू द्या.