प्रस्थानाचा दिवस

जुन्या काळी मुहूर्त आणि निघण्याची सोय यांचा मेळ बसला नाही, की ‘प्रस्थान ठेवण्या’ची रीत होती. मुहूर्ताच्या वेळी सुपारी, हळकुंड, एखादे वस्त्र असे काही पुरचुंडीत बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे, प्रवास सुरू झाला असे मानायचे आणि मग सवडीने निघायचे. घर सुटलेले असे, वाट मात्र लागलेली नसे. आजच्या परदेशप्रवासात असाच एक मधला काळ नव्याने आला आहे. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. नाशिक-धुळ्याकडची काय किंवा शहापूर-मुरबाडकडची काय, कुटुंबे रहदारीच्या धास्तीने सकाळीच घर सोडतात आणि मुंबईत आठ-दहा तास हातात उरतात.

हे तास बहुधा दोन प्रकारे खर्ची पडतात. काही जण विमानतळाजवळच्या हॉटेलात सामानाची राखण करीत घड्याळ पाहत बसतात. काही जण भाड्याची मोटार करून गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, एखादा मॉल असे सारे धावत उरकतात आणि रात्री थकून विमानात बसतात. पहिल्यात दिवस पडून राहतो, दुसऱ्यात तो उधळला जातो. जो समाज पैशाचे दोन्ही दोष ओळखतो, त्याला वेळेचे हेच दोष ओळखता येऊ नयेत, हे नवल आहे.

आसनगावच्या एका किराणा व्यापारी दांपत्यापुढे गेल्या जानेवारीत हाच प्रश्न होता. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी दोघे न्यू जर्सीला निघाले होते. विमान रात्री एक वाजून पन्नास मिनिटांचे. दुकान सहा महिन्यांसाठी पुतण्याच्या हाती दिलेले. शेठ अडुसष्ट वर्षांचे, शेठाणी चौसष्टच्या. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास.

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे स्थानक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 85 किलोमीटरवर. रविवारी पहाटेच्या लोकलने पाठीवर पिशव्या अडकवलेली मुंबईची तरुण मुले इथे उतरतात आणि माहुली किल्ल्याकडे चालू लागतात. शहापूरच्या मानस मंदिराचे यात्रेकरूही इथेच उतरतात. भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी याच तालुक्यातून मुंबईला जाते. मुंबईकराला आसनगाव सुट्टीच्या दिवशीचे ठाऊक असते. आसनगावच्या दुकानदाराला मुंबई ठाऊक असते ती केवळ कामाच्या दिवसाची. शेठांनी चाळीस वर्षे मालासाठी खेपा केल्या; आधी मस्जिद बंदरला आणि धान्य-मसाल्याचा घाऊक बाजार हलल्यावर वाशीला. भाव, वजन, बिल्टी आणि परतीची लोकल याखेरीज त्यांनी मुंबईत काही पाहिले नव्हते. शेठाणींच्या वाट्याला आलेली मुंबई म्हणजे नातेवाइकांची लग्ने आणि एक इस्पितळ.

जावयाने मोबाइलवर नऊ ठिकाणांची यादी पाठवली होती. मुलीचा आग्रह उलट होता : हॉटेलात खोली घ्या, झोपा, दमू नका. शेठांनी यादीही बाजूला ठेवली आणि खोलीही घेतली नाही. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सकाळी साडेआठच्या सुमाराच्या लोकलने निघाले, तर पावणेअकरापर्यंत टर्मिनस. रात्री दहाला विमानतळ. ढोबळ शिल्लक अकरा तास. त्यातून विमानतळापर्यंतचा प्रवास आणि लवकर पोहोचण्याची सावधगिरी यांचे तीन तास वजा. दोन जेवणांचे व विश्रांतीचे दोन वजा. दोघांच्या गुडघ्यांचा एक वजा. निव्वळ शिल्लक पाच तास. पाच तासांत नऊ ठिकाणे बसत नाहीत. तीन बसतात, तीही जवळजवळ असली तर.

सामानाचा प्रश्न घरातच सुटला. जड बॅगा घेऊन पुतण्या दुपारी चार वाजता मोटारीने निघणार होता. भिवंडी वळणरस्ता आणि माजिवडा येथील कोंडी गृहीत धरूनही रात्री साडेआठपर्यंत तो विमानतळावर पोहोचला असता. दोघांच्या हाती एकेक लहान पिशवी राहिली. तिच्यात पासपोर्ट, औषधे, घरचे थेपले आणि पाण्याची बाटली. ज्यांच्याकडे पुतण्या नाही त्यांच्यासाठी टर्मिनसवर रेल्वेचे सामानघर आहे. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते. हात मोकळे झाल्याशिवाय शहर दिसत नाही, हे पहिले सूत्र.

तीन ठिकाणे ठरली. पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर दोघांच्या इच्छेने. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय शेठाणींच्या इच्छेने. 1922 साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात बाहुबलींची हजार वर्षांहून जुनी ब्राँझची लहानशी मूर्ती आहे. अंगावर वेली चढल्या तरी न ढळलेल्या त्या मूर्तीचे चित्र शेठाणींनी पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेवर पाहिले होते, ते पान कापून त्यांनी देवघराच्या दाराला आतून लावले होते. तिसरे ठिकाण शेठांचे : चिंचबंदरला राहणारे एक वृद्ध आडतवाले. बाजारात सारे त्यांना बापूजी म्हणत.

गोडीजी मंदिराला 2012 साली दोनशे वर्षे झाली. ते ज्या भागात आहे त्याचे नावच प्रवाशांनी दिलेले आहे. मुंबई बेटांची होती तेव्हा वरळीच्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे आणि सखल भाग चिखलाचा होई. तो तुडवून आलेले लोक शहरात शिरण्यापूर्वी इथे पाय धूत; म्हणून पायधुणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, खिंड बुजली, पाणी हटले, नाव राहिले. याच मुंबईतून 1893 साली वीरचंद राघवजी गांधी जहाजाने शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला गेले. साधुमहाराजांना समुद्र ओलांडता येत नव्हता, म्हणून आचार्य विजयानंदसूरींच्या वतीने एक तरुण गृहस्थ गेला. त्याच्याही समुद्रगमनाला समाजातून विरोध झाला. आज त्याच समाजातील आजी-आजोबा नातवंडासाठी निःशंकपणे समुद्र ओलांडतात. सेवापूजा आटोपून शेठ-शेठाणी मंदिराच्या पायरीवर थोडा वेळ बसली, तेव्हा बारा वाजत आले होते.

तिथूनच शेठांनी बापूजींच्या घरी दूरध्वनी केला. संध्याकाळी साडेचारला येतो, असे सांगण्याचा विचार होता. सूनबाई म्हणाल्या, “काका, पक्षाघातानंतर ते दुपारी दोन ते चार एवढेच नीट जागे असतात. चारनंतर ग्लानी येते. मग कोण आलं ते त्यांना कळत नाही.” संग्रहालय सहाला बंद होते आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराचा, चौविहार त्याआधी. पाच तासांचा हिशेब एका वाक्याने मोडला. दोनपैकी एकच होणार होते.

बापूजींकडे जाण्याचे कारण शेठाणींना ठाऊक होते. 26 जुलै 2005 च्या पावसात आसनगावच्या दुकानात कमरेएवढे पाणी शिरले. साखर विरघळली, पीठ आणि डाळी कुजल्या. त्या दिवशी शेठांच्या नावावर बापूजींच्या पेढीचे एक लाख चाळीस हजार रुपये देणे होते. आठव्या दिवशी, काही न मागता, बापूजींनी मालाचा ट्रक पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती, हुंडी नव्हती, व्याजाचा उल्लेख नव्हता. शेठांनी तीन वर्षांत पै न् पै फेडली. शेवटची रक्कम दिली त्या दिवशी मुनिमाने खात्याखाली रेघ ओढली आणि व्यवहार संपला. पुढे बापूजी थकले, मुलांनी पेढी आवरली. दर संवत्सरीला शेठांच्या मोबाइलवरून क्षमापनेचा एक तयार संदेश शेकडो जणांना जाई, त्यांत बापूजींच्या मुलाचाही क्रमांक असे. प्रत्यक्ष भेटायला जाणे मात्र ‘या पर्युषणात’, ‘पुढच्या दिवाळीत’ असे सतरा वर्षे पुढे ढकलले गेले. आता सहा महिने देशाबाहेर राहायचे होते, आणि बापूजी नव्वदीत होते.

तरीही शेठ गप्प राहिले. चाळीस वर्षे पत्नीने दुकानाच्या वेळेपुढे आपली इच्छा मागे ठेवली होती. आजही तेच करायला सांगणे त्यांच्या जिवावर आले. शेठाणींनीच पिशवी उचलली. “बाहुबली हजार वर्षं उभे आहेत, अजून सहा महिने उभे राहतील,” त्या म्हणाल्या, “बापूजींचं सांगता येत नाही.”

चिंचबंदरच्या तिसऱ्या मजल्यावर बापूजी खिडकीजवळच्या खाटेवर बसून होते. उजवा हात निकामी, बोलणे तुटक. शेठांनी वाकून नमस्कार केला आणि आपले नाव सांगितले. चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. आडनाव सांगितले, तरीही नाही. घाऊक बाजारात गिऱ्हाइकाला नावाने कोणी हाक मारीत नाही, गावाने मारतात. शेठांना ते आठवले. ते म्हणाले, “बापूजी, आसनगाव आलंय.” म्हाताऱ्याचे डोळे हलले. डावा हात वर करून त्यांनी विचारले, “आसनगाव… पाणी उतरलं का?”

एकवीस वर्षांपूर्वीचे पाणी. शेठांनी पुष्कळ दिवसांपासून मनात जुळवून ठेवलेली वाक्ये होती. त्यांतले एकही त्यांना बोलता आले नाही. “उतरलं, बापूजी. तुमच्या मालानं उतरलं,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांच्या पायाशी बसले. मग दोघे भावांविषयी बोलले : तेव्हाची साखर, तेव्हाचा तूरडाळीचा दर, पावसाळ्यात ओली होणारी बारदाने. बापूजींना कालचे जेवण आठवत नव्हते, पण दर आठवत होते. शेठाणी सूनबाईंजवळ स्वयंपाकघरात बसल्या. पडून असलेल्या माणसाचे बारा महिने करणाऱ्या त्या बाईला बोलायला कोणी तरी हवे होते, हेही त्या दुपारी कळले.

चार वाजले, साडेचार झाले. बापूजींना त्या दिवशी ग्लानी उशिरा आली. साडेपाचला सूनबाईंनी खिचडी-कढी वाढली. परगावी चौविहार कुठे साधायचा ही काळजी आपोआप मिटली. निघताना खडीसाखरेचा एक खडा प्रत्येकाच्या तळहातावर आला. सूर्य मावळण्याआधी तो तोंडात टाकून दोघांनी पाणी पिऊन घेतले.

पुढचा प्रवास सोपा होता. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. टर्मिनसजवळ तिच्यात बसले, की गाडी न बदलता विमानतळाच्या टर्मिनल 2 च्या स्थानकावर उतरता येते. पूर्वी याच अंतरासाठी रस्त्यावरच्या कोंडीची भीती धरून दोन तास राखून ठेवावे लागत. म्हणून तर शहरात उतरण्याचे धाडस कोणी करीत नसे. हातात लहान पिशवी असलेल्या ज्येष्ठांनाही हा मार्ग मानवतो. पुतण्या माजिवड्याला चाळीस मिनिटे अडकला, तरी पावणेनऊला बॅगांसह दारात उभा होता.

आणखी दोन गोष्टी त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. तिकिटावर जैन भोजनाची नोंद होती. विमान कंपन्यांच्या संकेतात तिला ‘व्हीजेएमएल’ म्हणतात आणि ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी पक्की करून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट नवकारशीची. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात रात्र लांबत जाते, घड्याळावर विसंबून चालत नाही. दोघांनी ठरवले, की खिडकीतून सूर्य दिसेल तेव्हापासून 48 मिनिटे मोजायची आणि मगच पाणी घ्यायचे.

परदेशी जाण्यापूर्वीचा रिकामा दिवस स्थळदर्शनासाठी वापरण्यात गैर काही नाही. वाळकेश्वरचे आदीश्वर मंदिर, वस्तुसंग्रहालय, समुद्रकिनारा हे सारे पाहण्यासारखेच आहे, आणि दोन ठिकाणे सावकाश पाहिली तर प्रवासाचा शीण वाढत नाही. पण व्यापारी कुटुंबांचे मुंबईशी नाते प्रेक्षकाचे नाही. प्रत्येक घराचे त्या शहरात कोणी तरी आहे, ज्याने कधी तरी माल दिला, मुक्कामाला जागा दिली, इस्पितळात रात्र काढली. रकमेची खाती मिटलेली असतात. न मिटलेली खाती वहीत सापडत नाहीत, आणि त्यांना मुदतही कोणी घातलेली नसते. म्हणून ती राहून जातात. लांब जाण्याचा दिवस हीच त्यांची मुदत मानावी.

विमानतळावर पोहोचल्यावर जावयाचा दूरध्वनी आला. नऊपैकी किती झाली, असे त्याने हौसेने विचारले. शेठ उत्तर जुळवू लागले, तोवर शेठाणींनी मोबाइल आपल्याकडे घेतला. “एक देऊळ झालं आणि एक माणूस झाला,” त्या म्हणाल्या. “संग्रहालय परतीच्या दिवसासाठी ठेवलंय. तेव्हा विमान सकाळी उतरतं ना, ते बघून ठेवा.”