अंगठ्याखालचा नाग

पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आलं की काशीतला मराठी मुलूख लागतो. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, शेजारी दुर्गाघाट, ब्रह्माघाट. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई 1735 साली काशीयात्रेला निघाल्या; पुढे पेशवाईभर देशावरून इकडे येणाऱ्यांची रीघ वाढतच गेली. परतताना गंगेचा सीलबंद गडू हवाच, त्याशिवाय घरी मावंदं कसं घालणार? गडूबरोबर पूजेची उपकरणीही जायची.

ती अजून ठठेरी बाजारात मिळतात. गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर दुकानाची पायरी चढावी लागते. भारतेंदु हरिश्चंद्रांची हवेली इथून हाकेच्या अंतरावर. एका दुकानात बैठक मारली आणि पितळेची पळी हातात घेतली. दांड्याच्या टोकाला नाग, फणा पुढे झुकलेला, त्यावर छिन्नीचे दोनच घाव. बोट फण्याच्या बाकात अडकतं, अंगठा वर टेकतो, पळी ओल्या हातातून निसटत नाही. शंखाची अडणी म्हणजे कासव. समुद्रमंथनात ज्याने पाठीवर मंदर पेलला, त्याच्याच पाठीवर बुडाशी निमुळता शंख ठेवायचा. घंटेच्या मुठीवर विष्णूचं वाहन गरुड. ज्याला जे जमतं तेच काम त्याला दिलेलं. निव्वळ शोभेला बसवलेला मोर मला त्यापुढे ऐतखाऊ वाटतो.

अर्थात मोराचीही कारागिरी पाहावी ती काशीपुरा मोहल्ल्यातल्या धातुकाम करणाऱ्या कसेऱ्यांकडे. राळेवर पत्रा चिकटवून ठोकायचा, मागून उठाव द्यायचा, मग पुढून रेघा बारीक करायच्या. याला इथे ‘खाल-उभार’ म्हणतात. हातोडीची टकटक अखंड, पण घाव हलके. जोर चुकला तर पत्रा फाटतो. देवांचे मुकुट, छत्रं आणि देवळांच्या दारांचे पत्रे याच हातांनी घडतात.

ठठेरी बाजारातल्या दुकानदाराने मात्र न लपवता सांगितलं, "ये सब मुरादाबाद का माल है." त्या ओतीव पळ्यांवर नाग आहे, पण फणा चपटा, बोट अडकतच नाही. माझ्या हातातली घडीव पळी कोपऱ्यातल्या जुन्या भांड्यांच्या ढिगातली. भाव दोन्हींचा वजनावरच, नागाचे वेगळे पैसे नाहीत. मी एकेका फण्यावर अंगठा टेकवून पाहत बसलो. दुकानदाराने तोवर दोनदा चहा मागवला.